गावची राई, खासगी जंगल आणि सातबारा : वाचकांचे प्रश्न

गावाने मिळून जमीन राखायची तर सुरुवात कुठून करायची, कागद कोणते लागतात, माणसे कशी टिकतात, अशी विचारणा करणारी पत्रे सतत येतात. त्यातली सहा या वेळी घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत. गावांची नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण काही ठिकाणचा वाद अजून मिटलेला नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार करायचा आहे. मुंबई मंडळाने वर्गणी जमवली, तरी पैसे कमी पडतात. देवळाभोवती चार-पाच एकर राई (देवाच्या नावाने राखलेले रान) आहे. तिच्यातली पंधरा-वीस जुनी झाडे विकली तर काम पुरे होईल, असे बहुतेकांचे मत आहे. देवीला कौल लावला, तोही मिळाला. मला हे पटत नाही, पण बैठकीत बोलायला मुद्दा सापडत नाही. (संगमेश्वर तालुका)

मुद्दे भरपूर आहेत. फक्त ते कोणत्या क्रमाने मांडायचे ते नीट ठरवा.

आधी पाण्याचा विषय काढा. झाडांच्या प्रेमावरून गावात दोन तट पडतात, पाण्यावरून पडत नाहीत. कोकणातल्या बऱ्याच राया ओढ्याच्या उगमाशी किंवा झऱ्याच्या डोक्यावर आहेत. तुमच्या वाडीची विहीर किंवा नळयोजनेचा झरा राईच्या खालच्या अंगाला आहे का, ते बैठकीआधी पाहून ठेवा. माधव गाडगील आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची पाहणी केली. त्या काळात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडीतून वाचवा म्हणून त्यांच्याकडे धाव घेतली होती. राई गेली तर गावचा ओढा जाईल, ही त्यांची भीती होती. हे त्यांना कुणी बाहेरून जाऊन शिकवले नव्हते.

दुसरा विषय मालकीचा. राईचा सातबारा काढा. कुठे ती महसूल खात्याच्या नावे असते, कुठे देवस्थानाच्या, कुठे जुन्या खोतांच्या वारसांच्या, तर सिंधुदुर्गात पुष्कळ ठिकाणी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे. सरकारी जमिनीवरची झाडे गावाला विकता येत नाहीत. देवस्थान सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदलेले असेल, तर जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. झाडे हीसुद्धा विश्वस्तांनी सांभाळायची मालमत्ताच आहे. तोडीसाठी वेगळी परवानगी लागते ती वेगळीच. बैठकीत हात वर झाले म्हणजे झाड तोडायचा हक्क मिळाला, असे होत नाही. हे शांतपणे, सातबारा समोर ठेवून सांगा.

आता खुद्द झाडांविषयी. व्यापारी पंधरा झाडे म्हणतो तेव्हा ती कुठलीही पंधरा नसतात. त्याला सरळ आणि जाड खोडाची लागतात, आणि ती बाहेर काढायला राईत जेसीबी घालून वाट पाडावी लागते. वरचे छत उघडले की ऊन जमिनीपर्यंत येते आणि दोन पावसाळ्यांत रानमोडीचे तण आत शिरते. कडेची जी झाडे इतकी वर्षे एकमेकांच्या आडोशाने उभी होती, ती नंतरच्या वादळात पडतात. पंधरा तोडली आणि पंधराच गेली, असे होत नाही.

शिवाय यादीत पहिला नंबर बहुधा पोकळ झालेल्या म्हाताऱ्या झाडाचा लागतो, ते ‘कामाचे नाही’ म्हणून. तेच झाड सर्वांत मोलाचे असते. महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे पक्षी अशाच ढोलीत घरटे करतात. कोकणात त्यांना बेहडा, सातवीण, रायवळ आंबा अशी जुनी झाडे लागतात. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते. फटीएवढे भोक ठेवते आणि नर तिला तेथून फळे भरवतो. उन्हाळ्यात झाड पाडले तर आतली मादी आणि पिल्ले त्याबरोबर जातात. अशी ढोली तयार व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या लागतात. रोपवाटिकेतून ती आणता येत नाही.

कौलाबद्दल बोलताना पूर्ण आदर ठेवा. तो गावाचा श्वास आहे आणि याच श्रद्धेने राई इतकी वर्षे राखली आहे. मात्र देवीपुढे कोणता प्रश्न ठेवला, हे मानकरी आणि गुरव यांना विचारा. बहुतेक वेळा ‘देवळासाठी झाडे घेऊ का’ एवढेच विचारलेले असते. झरा, मालकी, आत पडणारी वाट हे सगळे सांगून पुन्हा विचारावे, अशी विनंती करण्यात काहीही वावगे नाही. मानकऱ्यांना अशी विनंती सहसा मान्य होते, कारण तिने त्यांचा मान राहतो.

राहिले पैसे. देवळाचा आराखडा जुन्या जोत्यावरच ठेवा. सभामंडप मोठा हवा असेल तर तो राईच्या बाहेर, सहाणेच्या (पालखी ठेवायच्या चौथऱ्याच्या) बाजूला घ्या. फरशी आणि पेव्हर ब्लॉक झाडांच्या बुंध्यापर्यंत नेऊ नका. काम दोन टप्प्यांत करा. माझे स्पष्ट मत आहे, की कोकणात गेल्या काही वर्षांत राया जितक्या काँक्रीटच्या देवळांनी कमी केल्या, तितक्या दुसऱ्या फार थोड्या गोष्टींनी केल्या असतील. लहान देऊळ आणि मोठी राई हीच आपल्या पूर्वजांची मांडणी होती. तिच्यात देवीचा मान कुठेही कमी नव्हता.

प्रश्न : आम्हा चार भावंडांच्या नावे डोंगरउतारावर अकरा एकर खासगी जंगल आहे. वडील असेपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. आता एक व्यापारी ‘एकदाच तोड द्या, पुन्हा वीस वर्षांनी वाढेल’ म्हणून मागे लागला आहे. दोघे भाऊ तयार आहेत. मी आणि बहीण नाही. हे जंगल एखाद्या ट्रस्टला देऊन कायमचे राखता येईल का? (चिपळूण तालुका, सध्या डोंबिवली)

हा प्रश्न कोकणाच्या काळजाचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदीच थोडे आहे आणि बाकीचे हिरवे डोंगर लोकांच्या सातबाऱ्यावर आहेत. म्हणजे इथले जंगल टिकणार की नाही, हे वनखाते ठरवत नाही. तुमच्यासारखी घरे ठरवतात, तीही बहुधा मुंबईत किंवा डोंबिवलीत बसून.

‘कायमचे’ या शब्दाबद्दल आधी सरळ सांगतो. ट्रस्टच्या नावे जमीन करणे वाटते तितके सोपे नाही. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला द्यायची तर कुळकायद्याचे कलम ६३ आड येते आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती मिळून जमीन ट्रस्टकडे गेली, तरी पुढच्या विश्वस्तांनी ती नीट सांभाळली पाहिजे. ती विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे एक कुंपण आहे, पण फक्त विक्रीपुरते. जमीन ट्रस्टकडेच राहून आतली झाडे जाऊ शकतात. म्हणून ट्रस्ट निवडताना त्याच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. त्यांच्याकडे आधीपासून असलेली जमीन पायी फिरून पाहा.

दुसरा मार्ग कराराचा. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था १९९४ पासून काम करते. संगमेश्वर परिसरात तिने जमीनमालकांशी ठरावीक मुदतीचे संवर्धन करार केले आहेत. मालकी मालकाकडेच राहते. तो मुदतीत तोड करत नाही आणि त्याबदल्यात त्याला मोबदला किंवा उपजीविकेचा आधार मिळतो. याच संस्थेने सह्याद्रीच्या उत्तर भागात हिरडा आणि बेहडा यांना फेअरवाइल्ड हे प्रमाणपत्र मिळवून दिले. त्यात फळे किती गोळा करायची, झाडावर किती सोडायची, फांदी तोडायची नाही, असे नियम पाळावे लागतात. धनेशाची ढोली असलेला बेहडा उभा ठेवून त्याची फळे विकता येतात, हे मालकाला कळले की कुऱ्हाड आपोआप थोडी लांब जाते. या कराराची मर्यादाही लक्षात घ्या. तो सही करणाऱ्याला बांधतो. त्याने जमीन विकली तर नव्या मालकाला तो आपसूक लागू होत नाही.

तिसरा मार्ग फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तो तुमच्यासाठी विचार करण्याजोगा वाटतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ हा प्रकार आला. खासगी किंवा गावाची जमीन मालकाने स्वेच्छेने पुढे केली, तर राज्य सरकार ती तशी जाहीर करू शकते. एकदा जाहीर झाली, की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि त्याला सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. जमीन विकली तरी हे बंधन तिच्यावर राहते. डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या ओरण, म्हणजे तिकडच्या देवराया, यांच्याबाबत निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीकडे बोट दाखवले. अकरा एकरांसाठी एकट्याने अर्ज करण्यापेक्षा शेजारचे दोन-चार गट बरोबर घेतलेत, तर प्रस्तावाला वजन येईल.

हे सगळे पुढचे झाले. उद्या करायचे काम वेगळे आहे. तुम्ही आणि बहीण सहहिस्सेदार आहात. तोडीला आपली संमती नाही, असे वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. मग भावांशी बोला, पण हरकतीचा कागद त्यांच्यापासून लपवू नका. त्यांना पैशांची गरज असेल तर ती खरी आहे असे धरून चाला. वाटप करून त्यांचा हिस्सा मोकळा करणे, किंवा तो तुम्ही दोघांनी हप्त्यांनी विकत घेणे, हे त्रासाचे आहे, पण होते. आणि ‘वीस वर्षांनी वाढेल’ हे व्यापाऱ्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ऐन, किंजळ यांना बुंध्यातून फुटवे येतात आणि लांबून डोंगर हिरवा दिसतो. पण फुटव्यांचे जंगल म्हणजे एकाच वयाच्या बारीक खोडांची दाटी. त्यात ढोली नाही, मोठी वेल नाही, सावलीत वाढणारे रोप नाही. वडिलांनी राखलेले ते हे नव्हे.

प्रश्न : आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावात राहतो. इथल्या लँड ट्रस्टमध्ये मी दर शनिवारी पायवाटा साफ करायला जाते. गावातले शेतकरी, निवृत्त शिक्षक, शाळेतली मुले असे सगळे येतात. असे आपल्याकडे का होत नाही? (मूळ वाई, सातारा)

तुम्ही राहता त्याच राज्यात हे काम सुरू झाले, म्हणून थोडे मागे जाऊ. चार्ल्स एलियट या उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ‘ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ स्थापन झाली. लोकांसाठी जमीन राखणारी या प्रकारची ती जगातली पहिली संस्था मानली जाते. इंग्लंडचा नॅशनल ट्रस्ट त्यानंतर, १८९५ मध्ये आला.

तुमच्या ट्रस्टकडे दोन प्रकारची जमीन असेल. काही त्यांच्या मालकीची, जिथे तुम्ही पायवाटा साफ करता. आणि काही अशी, की जिचा मालक शेतकरीच आहे, पण त्याने तिच्यावर घरे बांधण्याचा हक्क कायमचा सोडून दिला आहे. तिथे याला कॉन्झर्व्हेशन रिस्ट्रिक्शन म्हणतात, इतर राज्यांत कॉन्झर्व्हेशन ईझमेंट. मालक शेती करतो, जमीन विकूही शकतो, पण बंधन जमिनीबरोबर जाते. त्याबदल्यात मालकाला करात सवलत मिळते. आपल्याकडचा १८८२ चा सुविधाधिकार (ईझमेंट) कायदा वेगळ्या पायावर उभा आहे. त्यात शेजारच्या एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठीच दुसऱ्या जमिनीवर हक्क निर्माण होतो, जसा वाटेचा किंवा पाटाचा. दूरच्या एखाद्या संस्थेला निसर्गासाठी असा हक्क घेऊन ठेवता येत नाही. त्यामुळे तिकडचा कागद जसाच्या तसा इकडे चालत नाही.

पैशाची व्यवस्थाही निराळी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २००० सालच्या कायद्याने गावांना मतदान करून मालमत्ता करावर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार लावता येतो. तो मोकळी जमीन, ऐतिहासिक वास्तू, परवडणारी घरे यांवर खर्च होतो आणि राज्य त्यात भर घालते. गाव स्वतःवर कर लावून घेऊन जमीन राखते. आपल्या ग्रामपंचायतींकडे असे साधन नाही, आणि ते असायला हवे असे मला मनापासून वाटते.

पण ‘आपल्याकडे होत नाही’ हे मात्र मान्य करणार नाही. तुमच्या देशात कम्युनिटी लँड ट्रस्ट नावाचा दुसरा एक प्रकार आहे. जमीन समाजाच्या मालकीची, घरे आणि शेती व्यक्तीची. त्याची सुरुवात १९६९ मध्ये जॉर्जियातल्या ‘न्यू कम्युनिटीज’पासून झाली. नागरी हक्क चळवळीतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी सुमारे ५,७०० एकर जमीन शेतकऱ्यांसाठी एकत्र घेतली होती. कर्ज आणि दुष्काळ यांत ती १९८५ मध्ये त्यांच्या हातून गेली, पण कल्पना देशभर पसरली. या कल्पनेमागच्या रॉबर्ट स्वान यांच्यापुढे विनोबांच्या ग्रामदानाचा आदर्श होता. पवनारच्या आश्रमातून निघालेल्या माणसाचा विचार जॉर्जियात पोहोचला. तोच विचार गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातही जिवंत आहे. मेंढा लेखा या गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्र ग्रामदान कायदा, १९६४ याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेला अर्पण केली. कसणारा तोच राहतो, पण जमीन गावाबाहेर विकली जात नाही.

तुमच्या ट्रस्टकडून आपण एक गोष्ट मात्र घ्यावी. राखलेल्या प्रत्येक जमिनीवर तिथे वर्षातून एकदा कुणीतरी जाते. हद्दीवरून चालते, ठरलेल्या ठिकाणांहून छायाचित्रे काढते, मालकाशी बोलते आणि तारीख घालून नोंद ठेवते. आपल्याकडे चांगल्या ठरावांची कमतरता नाही. ठरावानंतर हद्दीवरून दरवर्षी चालणारा माणूस नेमलेला नसतो. वाईला याल तेव्हा तुमच्या शाळेतल्या मुलांना ही नोंदवही दाखवा. उपयोगी पडेल.

प्रश्न : गावाच्या वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) एक कंपनी सामाजिक जबाबदारीच्या निधीतून दहा हजार झाडे लावून देणार आहे. जमीन गायरान आहे, तिथे काहीच उगवत नाही. ग्रामपंचायतीने ठराव द्यावा का? (राजापूर तालुका)

देऊ नये. निदान या रूपात तरी नाही.

सडा पडीक दिसतो तो उन्हाळ्यात. जुलै ते सप्टेंबरमध्ये त्याच कातळावर जा आणि पायाखाली पाहा. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर मातीवर वाढणारी फुले, कीटक खाणारी दवबिंदू ही वनस्पती, पाणथळीतले बेडूक, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. यातल्या काही वनस्पती सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या सड्यांखेरीज जगात कुठेच नाहीत. हा जंगल हरवलेला माळ नाही, ही वेगळीच जागा आहे. शिवाय पावसाचे पाणी भेगांतून खाली मुरते आणि उतारावरच्या वाड्यांच्या झऱ्यांना मिळते. यंत्राने कातळ फोडून खड्डे केले, बाहेरची माती टाकली आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लावले, तर फुले जातात, चारा जातो, आणि झाडेही बहुतेक मार्चमध्ये वाळतात. राजापूर परिसरातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, तोही एक धोका. खड्डा खणताना खाली काय होते, हे खणून झाल्यावरच कळते.

गायरानाचा वापर बदलण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात कडक भूमिका घेतली आहे, हेही ठराव लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कंपनीला मात्र परत पाठवू नका. पैसा आहे तर काम सुचवा. राईच्या कडेची रानमोडी आणि घाणेरी मुळासकट काढणे, जुना गडगा (दगडी कुंपण) दुरुस्त करणे, झऱ्याचे टाके साफ करणे, उताराच्या उघड्या भागात स्थानिक बियांपासून केलेली रोपे लावून तीन वर्षे राखणे, आणि त्या राखणीसाठी गावातल्याच दोन माणसांना पगार देणे. कंपनीला मोठा आकडा हवा असतो, हे खरे. पण फलकावर दहा हजार लिहिण्यापेक्षा जिवंत दोनशे दाखवता येतात, हे पटवून द्यायला ग्रामसेवक आणि सरपंच यांनी एकत्र जावे.

प्रश्न : आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळून काही वर्षे झाली. पट्टा कपाटात आहे. वनखाते म्हणते जंगल आमचे, लोक म्हणतात कागद मिळाला म्हणजे झाले. पुढे काय करायचे? (चंद्रपूर जिल्हा)

पट्टा कपाटातून काढा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला फक्त वापराचा हक्क दिलेला नाही. जंगलाचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकारही दिला आहे. तो वापरला नाही, तर वनखात्याचे म्हणणे व्यवहारात खरे ठरते.

तुमच्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्यांना २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. त्यांनी सर्वांनी बसून नियम केले, बांबूची विक्री ग्रामसभेने स्वतः केली, आणि जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा पूर्ण राखीव ठेवला. त्यांचा मला सर्वांत भावलेला निर्णय तेंदूचा. तेंदूपत्त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि आगी लावल्या जातात, म्हणून त्यांनी पाने तोडणेच थांबवले. हातचा हंगामी पैसा सोडायला हिंमत लागते. बांबूचे उत्पन्न उभे होते, म्हणून ते त्यांना परवडले. हा क्रम विसरू नका : आधी मिळकतीची सोय, मग कठोर नियम. उपाशी पोटी केलेली बंदी रात्री मोडली जाते.

मेंढा लेखाला हक्क २००९ मध्येच मिळाला होता, पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. कागदानंतरही चिकाटी लागते ती अशी. त्या गावाकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे अभ्यासगट. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने करते, पण त्याआधी काही जण बसून तो विषय, कायदा, हिशेब समजून घेतात. ज्या गावात असा गट नाही तिथे सगळी माहिती एका हुशार माणसाकडे गोळा होते. तो थकला, रागावला किंवा निवडणुकीला उभा राहिला, की काम बसते.

तुम्ही या वर्षी एवढेच करा. ग्रामसभेची वनव्यवस्थापन समिती नेमा, तिच्यात निम्म्या बायका घ्या, कारण जंगलात रोज त्याच जातात. ग्रामसभेच्या नावे बँकेत खाते उघडा. ग्रामपंचायतीच्या खात्यात हा पैसा मिसळू देऊ नका. पट्ट्यावरची हद्द सर्वांनी मिळून चालून पाहा. जैवविविधता समितीने केलेली लोकजैवविविधता नोंदवही मागवा आणि तपासा. २०२० च्या सुमारास हरित न्यायाधिकरणाच्या मुदतीमुळे पुष्कळ नोंदवह्या घाईने तयार झाल्या. तुमच्या नोंदवहीत गावात नसलेली झाडे आणि गावात नसलेले मासे आढळले तर ती पुन्हा लिहा. यात शाळेतल्या मुलांना आणि गुराख्यांना घ्या. अशा नोंदीचे वजन असते. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात माशाची नवी जात सापडली, तिची नोंद २०२० मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आली, आणि दुसऱ्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र किती, तर २.११ हेक्टर. जागा लहान असली तरी चालते, तिच्यात काय आहे ते लिहिलेले असावे.

प्रश्न : श्रमदानाला पहिल्या दोन रविवारी साठ माणसे होती. आता आम्ही पाच जण उरलो. शिवाय दरवर्षी फेब्रुवारीत वणवा येतो आणि वर्षाचे काम जाते. (महाड तालुका)

पाच जण दर आठवड्याला येत असतील तर तुमचा पाया पक्का आहे. साठ जणांना दर रविवारी बोलावू नका, वर्षातून दोनदाच बोलावा आणि त्या दिवशी संपेल असेच काम द्या. बारीपाड्याचे उदाहरण पाहा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला हा पाडा चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकापासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखतो. तिथे दरवर्षी वनभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते. रानात काय उगवते हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिचा त्या दिवशी सन्मान होतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवे पाहायला येणाऱ्यांची राहण्या-जेवण्याची सोय घराघरांत होते, त्यामुळे किनाऱ्याची राखण ही साऱ्या गावाची गोष्ट झाली. तुमच्या कामात कुदळ सोडून दुसरे काही नसेल, तर ज्यांना कुदळ चालवता येत नाही ते येणार नाहीत. आजींना बिया ओळखायला बोलावा, मुंबईकरांना सातबारे आणि नकाशे काढायला सांगा, मुलांना नोंदवही द्या.

वणव्याचे वेळापत्रक मात्र श्रमदानापेक्षा कडक ठेवा. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, दिवाळीनंतर, गवत पिवळे पडू लागताच काढायची, फेब्रुवारीत नाही. रुंदी चार-पाच मीटर तरी हवी, आणि काढलेले गवत रेषेवरच टाकून ठेवायचे नाही. आग कोण लावते, हे गावात सर्वांना माहीत असते. कुणी शिकारीसाठी, कुणी काजूच्या बागेत पायाखालचे दिसावे म्हणून, कुणी नवे गवत लवकर फुटावे म्हणून. पुष्कळदा ती तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजताना सुटलेली असते. पहिल्या तिघांशी मानकऱ्यांनी बोलावे, पोलिसांनी नंतर. तरवा भाजणाऱ्यांसाठी साधा नियम करा : भाजणी पहाटे, वारा सुटायच्या आत. आदल्या दिवशी तुमच्या पाच जणांपैकी एकाला सांगायचे, आणि दोन माणसे ओल्या डहाळ्या आणि पाण्याच्या कळश्या घेऊन बांधावर उभी करायची. खालच्या वाडीत कुणाच्या मोबाइलला रेंज असते, त्याचा नंबर देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा.